पडद्यावरच्या माणसाचे पोट कशावर चालते?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत दर आठवड्याला नव्या चित्रपटांची परीक्षणे येतात आणि आमच्या घरी ती आवर्जून वाचली जातात. त्यांत ज्या चित्रपटांची चर्चा असते ते मात्र आमच्यापर्यंत पोहोचेपर्यंत कित्येक महिने उलटून गेलेले असतात. राळेगाव तालुक्यातल्या आमच्यासारख्या खेड्यातून चित्रपटगृहात जायचे झाले तर यवतमाळ, वर्धा नाही तर नागपूर गाठावे लागते, आणि रात्रीच्या खेळानंतर परतीची एसटी मिळत नाही. म्हणून इकडचा प्रेक्षक चित्रपट पाहतो तो घरीच. कोणी टीव्हीवर, कोणी मोबाइलवर, तर कोणी रानडुकरांपासून पीक राखायला जागलीला गेल्यावर मचाणावर बसून. अशा प्रेक्षकाला जुना आणि नवा हा भेद फारसा जाणवत नाही. १९५३ सालचा चित्रपट आणि गेल्या वर्षीचा चित्रपट त्याच्यासमोर एकाच वेळी हजर असतात, आणि जेवणे आटोपल्यावर आज कोणता लावायचा एवढेच ठरवायचे असते. या प्रेक्षकाची आवडनिवड कशी घडते याविषयी आपल्याला लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

असे जुने-नवे चित्रपट आलटूनपालटून पाहता पाहता माझे एक मत पक्के झाले आहे. पडद्यावरचा माणूस काय काम करतो, त्या कामाचे त्याला काय मिळते आणि मिळाले नाही तर त्याच्या घरात काय होते, हे ज्या चित्रपटात दिसते तो चित्रपट टिकतो. ज्यात हे दिसत नाही तो कितीही देखणा असला, त्यावर कितीही पैसा ओतलेला असला, तरी आमच्या घरात तो दुसऱ्यांदा कोणी लावत नाही. ही कसोटी केवळ शेतकऱ्यांवरच्या गंभीर चित्रपटांना लावायची आहे असा कोणी समज करून घेऊ नये. विनोदी चित्रपटाला, प्रेमकथेला, संतपटालाही ती तितकीच लागू पडते, असे माझे म्हणणे आहे.

बिमल रॉय यांचा ‘दो बीघा जमीन’ हा १९५३ चा चित्रपट. बलराज साहनी यांनी साकारलेल्या शंभू महातोला वाटत असते की जमीनदाराचे आपल्याकडे ६५ रुपये निघतात. प्रत्यक्षात कागदावर २३५ रुपये निघतात, आणि त्या कागदांपुढे त्याचे तोंडचे हिशेब कोर्टात टिकत नाहीत. हा प्रसंग आला की माझी आई हातातले काम खाली ठेवते. तिने स्वतः सावकारीचे दिवस पाहिलेले आहेत, आणि ‘अंगठा देला का संपलंच’ एवढेच ती दर वेळी म्हणते. चित्रपटाची ताकद मला या बेरजेतच दिसते. कर्ज किती, ते कसे फुगले, फेडायला मुदत किती, त्या मुदतीत कलकत्त्यात रिक्षा ओढून रोज किती सुटतात आणि त्यातले गावी किती पाठवता येतात, हे सगळे प्रेक्षकाला माहीत असते. म्हणूनच जास्त पैशांच्या आशेने शंभू रिक्षा पळवू लागतो, तेव्हा तो कशासाठी धावतो आहे हे वेगळे सांगावे लागत नाही, आणि रिक्षाचे चाक निखळते तेव्हा नेमके काय बुडाले तेही प्रेक्षकाला उमगते. त्यानंतरच्या कितीतरी चित्रपटांतला शेतकरी ‘कर्जबाजारी’ असतो, पण ते कर्ज म्हणजे एखाद्या पात्राच्या तोंडचे नुसते वाक्य असते. कोणत्या हंगामात, कशासाठी, कोणाकडून काढले, याचा पत्ता लागत नाही. ज्याने पीककर्जाचे नवे-जुने करण्यासाठी, म्हणजे जुने फेडून नवे काढण्यासाठी, बँकेत दिवस घालवला आहे त्याच्या हे लगेच लक्षात येते.

‘मदर इंडिया’ (१९५७) मध्येही तो हिशेब आहे. ५०० रुपयांच्या कर्जाच्या व्याजापोटी पिकाचे तीन हिस्से सावकार सुखीलालाच्या घरी जातात आणि एक हिस्सा राधाच्या घरात राहतो. माझ्या मते या चित्रपटाचा पूर्वार्ध हा त्याचा खरा भाग आहे. धाकटा मुलगा डाकू होतो तिथून कथा मोठी होत जाते, पण शेत मागे पडते. माझ्या पत्नीला हे अजिबात मान्य नाही. गावच्या मुलीच्या अब्रूसाठी आई पोटच्या मुलावर बंदूक चालवते तोच खरा चित्रपट आहे, असे तिचे म्हणणे आहे, आणि या विषयावर आमचे आजवर एकमत झालेले नाही. व्ही. शांताराम यांच्या त्याच वर्षीच्या ‘दो आँखें बारह हाथ’ बद्दल मात्र घरात वाद नाही. सहा कैदी पडीक जमीन वहितीखाली आणतात, भाजी पिकवतात, ती स्वतः बाजारात नेऊन रास्त भावाने विकतात, आणि म्हणूनच तिथल्या व्यापाऱ्यांच्या डोळ्यांत खुपतात. माणूस सुधारतो तो नुसत्या उपदेशाने नव्हे, तर पिकवलेला माल उजळ माथ्याने विकता आल्याने, हे त्या चित्रपटाने फार स्पष्टपणे दाखवले आहे. बाजार समितीच्या आवारात आपल्या मालाचा ढीग मांडून उभा राहिलेला कोणताही शेतकरी तो बाजाराचा प्रसंग तटस्थपणे पाहू शकणार नाही.

मराठीतला या बाबतीतला सर्वांत पक्का चित्रपट मला जब्बार पटेल यांचा ‘सामना’ वाटतो. तमाशापटांतून पाटील हे पात्र आपण वर्षानुवर्षे पाहत आलो. त्याला फेटा असतो, मिशा असतात, वाईट नजर असते. पण त्याचा दरारा येतो कुठून हे फारसे कोणी दाखवत नाही. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि निळू फुले यांनी उभा केलेला हिंदुराव धोंडे पाटील वेगळा आहे, कारण त्याची सत्ता त्याच्या साखर कारखान्यातून येते. कोणाला काम द्यायचे, कोणाचे तोंड कशाने बंद करायचे, हे त्या कारखान्याच्या आधारावर ठरते. त्यामुळे डॉ. श्रीराम लागू यांचा मास्तर ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ असे विचारत फिरतो, तेव्हा तो प्रश्न एका माणसाबद्दलचा न राहता सगळ्या गावच्या मिंधेपणाबद्दलचा होतो. साखर कारखान्यांचा तो मुलूख आमचा नव्हे. आमच्याकडे जिनिंग-प्रेसिंगच्या संस्था, खरेदी-विक्री संघ आणि कापूस खरेदीची केंद्रे. तरीही हा चित्रपट आम्हाला परका वाटला नाही, कारण ज्याच्या हाती काटा त्याच्या हाती गाव, हे पश्चिम महाराष्ट्रात जितके खरे तितकेच आमच्याकडेही खरे आहे.

त्याहून जुन्या प्रभातच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) विषयी थोडेच लिहितो. विष्णुपंत पागनीस यांच्या तुकारामाबद्दल आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु घरी पाहताना सर्वांची नजर गौरी यांनी केलेल्या आवलीवर खिळते. घरात पोरे उपाशी आहेत आणि नवरा अभंगात दंग आहे, या तिच्या त्राग्याला चित्रपटाने कुठेही हसण्यावारी नेलेले नाही. भक्ती आणि चूल या दोन्ही गोष्टी त्यात एकाच तोलाच्या आहेत, आणि म्हणून तो संतपट आजही निव्वळ श्रद्धेच्या बळावर पाहावा लागत नाही.

‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) या विनोदी चित्रपटाबद्दलही माझे हेच म्हणणे आहे. लहान मुलांनाही त्यातले संवाद पाठ आहेत आणि त्याच्या लोकप्रियतेचे श्रेय सहसा अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन पिळगावकर यांच्या अचूक टायमिंगला दिले जाते, ते योग्यच आहे. पण त्या साऱ्या गोंधळाच्या मुळाशी एक अगदी खरी अडचण आहे. परक्या शहरात पोटासाठी आलेल्या, लग्न न झालेल्या मुलांना कोणी खोली भाड्याने देत नाही. आमच्या गावची जी मुले शिकायला किंवा कामाला पुण्या-नागपूरकडे गेली आहेत, त्यांना आजही हाच अनुभव येतो. अडचण खरी असल्यामुळे त्यातून सुटण्यासाठी केलेले सोंगही खरे वाटते. त्यानंतरच्या अनेक विनोदी चित्रपटांत सोंग तेवढे उरले आणि अडचण नाहीशी झाली, आणि ते चित्रपट आज कोणाला आठवतही नाहीत.

नव्या चित्रपटांकडे वळताना आधी हे नोंदवले पाहिजे की या बाबतीत नागराज मंजुळे यांनी मराठी चित्रपटाला पुन्हा जमिनीवर आणले. ‘फँड्री’ मधल्या जब्याच्या घराला गावाने डुकरे धरण्याचे काम लावलेले आहे, आणि शाळेतल्या मुलांच्या डोळ्यांदेखत ते काम करावे लागणे हाच त्याचा अपमान आहे. काम आणि जात यांची गाठ किती घट्ट आहे हे इतक्या थोड्या शब्दांत सांगणारा दुसरा मराठी चित्रपट माझ्या पाहण्यात नाही. ‘सैराट’ (२०१६) बद्दल माझे मत प्रचलित मतापेक्षा वेगळे आहे. गाणी, विहीर, बुलेट यांमुळे लोकांच्या लक्षात राहिला तो पूर्वार्ध. उत्तरार्ध संथ झाला अशी तक्रार मी पुष्कळांकडून ऐकली आहे. मला तो उत्तरार्धच मोठा वाटतो. हैदराबादच्या झोपडपट्टीत परश्या डोशाच्या गाडीवर राबतो, मोठ्या घरात वाढलेली आर्ची बाटल्यांच्या कारखान्यात काम धरते, नवी भाषा शिकते, आणि दोघांचे भांडण होते तेही थकव्यातून आणि पैशाच्या ओढाताणीतून. गाण्यांत न्हालेले प्रेम तिथे पहिल्यांदा संसार होते. तो भाग काढून टाकला असता तर शेवट नुसता धक्का देणारा ठरला असता. त्या भागामुळे तो घरातल्या माणसाच्या मृत्यूसारखा लागतो.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ मध्ये शेत नाही, गाव नाही, तरी तो आमच्या घरी लक्षपूर्वक पाहिला गेला. एक कारण असे की त्यातले लोकशाहीर नारायण कांबळे साकारणारे वीरा साथीदार हे नागपूरचे कार्यकर्ते होते. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाने त्यांचे निधन झाले, तेव्हा इकडच्या अनेकांना घरचे माणूस गेल्याचे दुःख झाले. दुसरे कारण असे की न्यायालयात कांबळेंच्या विरोधात बोलणारी सरकारी वकील काम संपवून घरी जाते, मुलाला आणते, स्वयंपाकाला लागते, हे सारे दिग्दर्शक न कंटाळता दाखवतो. ती दुष्ट नाही. ती नोकरी करते आहे, आणि त्या नोकरीतून एका निरपराध माणसाची आयुष्याची वर्षे वाया जातात. खलनायक दाखवून ही गोष्ट सांगता आली नसती.

आता विदर्भाबद्दल. चित्रपटात आमचा भाग येऊ लागला तो मुख्यतः शेतकरी आत्महत्यांमुळे, आणि २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केल्यानंतरच्या काळात कॅमेऱ्यांची वर्दळही वाढली. त्या काळात आलेल्यांपैकी सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) मला अजूनही सर्वांत प्रामाणिक वाटतो. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर किसनाच्या बायकोच्या मनात भीती बसते, की आपला माणूसही तसेच काही करील. ती त्याच्यावर मुलाकरवी नजर ठेवते, त्याला बरे वाटावे म्हणून गोडधोड करते, आणि किसनाला स्वतःला मात्र पेरणी आणि पाऊस यांपलीकडे काही सुचत नसते. पेरलेले उगवत नाही, पुन्हा पेरावे लागते, आणि दुबार पेरणीचे बियाणे आणायचे कुठून हा प्रश्न तिथे भाषणाचा विषय होत नाही. तो भाकरीच्या ताटापर्यंत येऊन पोहोचतो. चित्रपटात हसूही आहे, आणि ते आवश्यक होते, कारण ज्या घरावर संकट आहे त्या घरातले लोक दिवसभर रडत नाहीत. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांची वऱ्हाडी काही ठिकाणी शिकून घेतलेली वाटते. पण त्यांनी ती बोली विनोदासाठी वापरलेली नाही, तिच्यातून भीती आणि प्रेम बोलून दाखवले आहे, हे मला फार मोलाचे वाटते. आमच्या बोलीला नाटक-चित्रपटांत कितीतरी वर्षे गड्याची किंवा भोळसट पाहुण्याची जागा मिळत आली होती.

त्याच सुमाराच्या ‘पीपली लाईव्ह’ (२०१०) बद्दल माझे मत संमिश्र आहे. वृत्तवाहिन्यांवरची टीका बोचरी आहे, परंतु ती करता करता चित्रपट स्वतःच, आत्महत्या करणार म्हणून बातमीत आलेल्या नत्थाच्या शेतापेक्षा, कॅमेऱ्यांमध्ये अधिक रमतो. त्यातला खरा शेतकरी मला होरी महातो वाटतो. माती खणून विकणारा तो हाडकुळा माणूस पडद्यावर अगदी थोडा वेळ येतो, आणि आपल्याच खड्ड्यात मरतो. त्याची बातमी होत नाही. दिग्दर्शिका अनुषा रिझवी यांनी त्याला प्रेमचंदांच्या ‘गोदान’ मधल्या शेतकऱ्याचे नाव दिले, यावरून त्यांनाही त्या माणसाचे महत्त्व ठाऊक होते असे दिसते.

‘शेरनी’ (२०२१) लागला तेव्हा आमच्या तालुक्यात तो पाहिला नाही असे घर क्वचितच असेल. अमित मसुरकर यांनी कथा मध्य प्रदेशात घडवली आहे. परंतु राळेगाव-पांढरकवडा परिसरात वावरणाऱ्या आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री नरभक्षक म्हणून गोळी घालून मारल्या गेलेल्या ‘टी-१’ वाघिणीची आठवण झाल्याशिवाय तो इथे कोणी पाहू शकत नाही. त्या काळात बायका निंदणाला आणि वेचणीला घोळक्याने जात आणि उन्हे उतरायच्या आत परतत. चित्रपटाला वाघिणीबद्दल आणि एकट्या पडलेल्या प्रामाणिक अधिकारी बाईबद्दल जिव्हाळा आहे, आणि विद्या बालन यांनी तो कुठेही आवाज न चढवता पोहोचवला आहे. गावाला गुरे चारायला जंगलातच का जावे लागते, हा प्रश्नही त्यात येतो. पण तो येतो आणि निघून जातो. त्या रानाला लागून ज्याचे वावर आहे, त्याने त्या वर्षी कापूस वेचला की वावरातच सोडला, हे समजले असते तर चित्रपट आणखी खोल गेला असता.

‘नाळ’ (२०१८) मध्ये आमची बोली एका लहान मुलाच्या तोंडून इतकी सहज आली, की तो चित्रपट पाहून झाल्यावरही घरातली मुले तशी बोलत राहिली. श्रीनिवास पोकळे या मुलाला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो सार्थच होता. ‘झुंड’ (२०२२) मधली नागपूरची पोरे आणि त्यांची हिंदी-मराठीची सरमिसळही अस्सल आहे. अमिताभ बच्चन यांच्यासारखा मोठा नट समोर असतानाही लक्षात राहतात ती पोरेच.

या सर्वांपेक्षा अधिक सविस्तर लिहावे असा चित्रपट म्हणजे जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’. २०२३ साली टोरोंटोच्या महोत्सवात त्याला आशियाई चित्रपटांसाठीचा ‘नेटपॅक’ पुरस्कार मिळाला आणि २०२५ च्या मार्चमध्ये तो महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, तिथल्याच माणसांना घेऊन तो चित्रित झाला आहे. आरंभीच्या स्वप्नात बायका बसल्या आहेत आणि मुलाला प्रश्न विचारत आहेत. त्यानंतर जागेपणी पुरुषांच्या रांगेसमोर सविताला बसवले जाते आणि तिला तेच ते प्रश्न विचारले जातात. नाव काय, उंची किती, शिक्षण किती, आवड कशाची. मुलीला शिकायचे आहे, स्पर्धा परीक्षा द्यायची आहे, आणि प्रत्येक पाहुणा चहा-पोहे घेऊन तिच्या रंगाविषयी आणि उंचीविषयी निर्णय कळवतो. माझ्या एका स्नेह्याने तक्रार केली की तेच तेच प्रसंग पुन्हा पुन्हा येतात. त्यावर आमच्या सूनबाईंनी दिलेले उत्तर मला पटले. त्या म्हणाल्या, ‘काका, आमच्यावर बी ते तेवढ्याच खेपा आलं होतं. पाहणाऱ्याले कंटाळा येत असंल त बसणाऱ्या पोरीचं काय होत असंल?’

पण ‘स्थळ’ ची थोरवी माझ्या दृष्टीने एवढ्यावर संपत नाही. मुलीचा बाप कापूस पिकवणारा आहे. लग्न जमवायचे तर पैसा हवा, पैसा हवा तर कापूस विकला पाहिजे, आणि भाव तर पडलेला. आमच्या भागात भाव चढेल या आशेने कापूस घरातच भरून ठेवतात. माणसांनी अंग चोरून झोपायचे, अंगाला खाज सुटायची, ठिणगीच्या भीतीने विडी ओढणाऱ्याला अंगणात पाठवायचे, आणि रोज भावाची चौकशी करायची, हे विदर्भातल्या कापूसवाल्याला सांगावे लागत नाही. मुलीचे मोल ठरवणारे पाहुणे आणि कापसाचे मोल ठरवणारा व्यापारी या चित्रपटात एकाच घराच्या दारात उभे आहेत. बाप दोन्हीकडे हात जोडतो. मुलीवर होणारा अन्याय दाखवताना बापाला राक्षस करण्याचा सोपा मार्ग दिग्दर्शकाने घेतला नाही, आणि त्याच्या अगतिकतेखाली मुलीचा अन्याय झाकूनही टाकला नाही. दोन्ही गोष्टी एकत्र पेलणे फार अवघड आहे.

याउलट अलीकडच्या मोठ्या ऐतिहासिक चित्रपटांनी माझी निराशा केली आहे. इतिहासाविषयी आणि शिवरायांविषयी आमच्या मनात काय भावना आहेत हे सांगण्याची गरज नाही. म्हणूनच हे लिहिणे मला कर्तव्य वाटते. त्यांत घोषणा असतात, रक्त असते, संथ गतीने फिरणारी तलवार असते. पण ज्या रयतेच्या गवताच्या काडीलाही हात लागू नये अशी ताकीद होती, ती रयत घोषणा देण्यापुरतीच येते. मावळा लढाईहून परतल्यावर कोणते पीक काढतो, वसुलाची घडी बसल्याने त्याच्या घरात काय बदलते, हे एखाद्या चित्रपटाने दाखवले तर स्वराज्य म्हणजे काय हे पुढच्या पिढीला अधिक चांगले कळेल. शिवाय घरी पाहताना आणखी एक अडचण येते. पार्श्वसंगीत इतके चढे असते की संवाद ऐकू येत नाहीत, आणि संवादासाठी आवाज वाढवावा तर पुढच्याच क्षणी घर हादरते. भालजी पेंढारकरांच्या ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२) ची प्रत जुनी असूनही त्यातला शब्द न् शब्द माझ्या आईच्या कानांपर्यंत पोहोचतो.

माझा पुतण्या या सर्वांवर एक आक्षेप घेतो, तो इथे नोंदवला पाहिजे. दिवसभर वावरात राबून आल्यावर रात्री पुन्हा वावरच कशाला पाहायचे, असे तो विचारतो. विरंगुळा हवा ही त्याची मागणी अगदी रास्त आहे, आणि दुःख दाखवले म्हणजे चित्रपट चांगला झाला असे मी म्हणतही नाही. पण त्याच पुतण्याने किरण राव यांचा ‘लापता लेडीज’ (२०२४) आपणहून पुन्हा लावला. त्यात रेल्वेत नवऱ्या मुलींची अदलाबदल होते, पोटभर हसायला मिळते, आणि तरीही स्टेशनवर चहा-नाश्त्याची टपरी चालवणारी मंजू माई आहे, तिच्याकडे कलाकंद करून पहिली कमाई हातात घेणारी फूल आहे, आणि सेंद्रिय शेतीचे शिक्षण घेण्यासाठी धडपडणारी जया आहे. ‘ट्वेल्थ फेल’ (२०२३) त्याच्या मित्रमंडळींत इतका लोकप्रिय झाला, त्याचेही कारण पिठाच्या गिरणीत राबून अभ्यास करणारा मुलगा हेच आहे, कारण त्यांच्यापैकी अनेक जण अशाच एखाद्या कामावर राहून एमपीएससीचा अभ्यास करीत आहेत. तेव्हा विरंगुळा आणि काम यांच्यात वैर आहे असे मला वाटत नाही.

आपल्याकडे माझी विनंती अशी आहे. पुरवणीतल्या परीक्षणांसाठी आपण एवढी जागा देता, त्यातला थोडा भाग घरी पाहता येणाऱ्या जुन्या आणि दोन-चार वर्षांपूर्वीच्या चित्रपटांसाठी राखून ठेवावा. कोणता चित्रपट पूर्ण स्वरूपात मिळतो आणि कोणत्याची गाणी छाटलेली आहेत किंवा चित्र पुसट झाले आहे, हेही त्यात कळवले जावे, कारण जुन्या मराठी चित्रपटांच्या ज्या प्रती आमच्यापर्यंत येतात त्यांची अवस्था बहुधा वाईट असते. गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये देऊन उभा केलेला श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ (१९७६) नव्याने स्वच्छ करून २०२४ साली कान महोत्सवात दाखवला गेला. तशीच निगा ‘सामना’ सारख्या चित्रपटाच्या वाट्याला यावी म्हणून वृत्तपत्रांनी पाठपुरावा करणे आवश्यक आहे. आणि ही परीक्षणे लिहिताना तालुक्याच्या आणि खेड्यांच्या वाचकांकडूनही मजकूर मागवावा. कापूस, धान, संत्री, जंगल यांच्याशी ज्यांचा रोजचा संबंध आहे, त्यांना पडद्यावरचे खरे-खोटे चटकन ओळखता येते.

सुरुवात ‘स्थळ’ पासून व्हावी असे मी सुचवतो. दिवाळीनंतर आमच्याकडे कापसाची वेचणी आणि मुली पाहण्याचे कार्यक्रम एकदमच सुरू होतात. त्याआधी त्या चित्रपटावर आपल्या पुरवणीत सविस्तर मजकूर छापून आला, तर ज्या घरांत यंदा पाहुणे यायचे आहेत त्या घरांत तो लावला जाईल.

आपला,
एक नियमित वाचक
(ता. राळेगाव, जि. यवतमाळ)